'द ग्लेन मिलर स्टोरी' (१९५४): फाटलेला ओठ आणि मिलरचा 'साउंड'

जुनी_तबकडी (धागाकर्ता)

अँथनी मॅन यांनी दिग्दर्शित केलेला 'द ग्लेन मिलर स्टोरी' हा अमेरिकन ट्रॉम्बोनवादक आणि बँडप्रमुख ग्लेन मिलर याच्यावरचा चरित्रपट स्विंग या नाचाच्या जॅझ संगीताचे चाहते आजही आवडीने पाहतात. जेम्स स्टुअर्टने रंगवलेला ग्लेन मिलर आणि जून ॲलिसनने साकारलेली त्याची पत्नी हेलन ही जोडी प्रेक्षकांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की मिलरचे नाव निघाले की अनेकांच्या डोळ्यांपुढे स्टुअर्टचाच चेहरा येतो. मलाही हा चित्रपट मनापासून आवडतो. पण त्यातील एक प्रसंग मला फार खटकतो, आणि तो किरकोळ नसून चित्रपटाचा कणाच आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीपासून मिलर एका आवाजाच्या शोधात आहे. लॉस एंजेलिसच्या गहाणवटीच्या दुकानात त्याचा ट्रॉम्बोन वारंवार ठेवला जातो आणि वारंवार सोडवला जातो, पण डोक्यात घोळणारा तो 'साउंड' काही सापडत नाही. पुढे त्याचा स्वतःचा बँड उभा राहतो, पहिला मोठा कार्यक्रम तोंडावर येतो, आणि तालमीत मुख्य ट्रम्पेटवादकाचा ओठ फाटतो. बदली वादक मिळत नाही. मिलर रात्रभर बसून ट्रम्पेटसाठी लिहिलेली ओळ क्लॅरिनेटसाठी नव्याने लिहून काढतो, आणि कार्यक्रमात 'मूनलाइट सेरेनेड' सुरू होताच ज्याचा इतकी वर्षे शोध चालला होता तो आवाज सर्वांना एकदम ऐकू येतो.

प्रसंग म्हणून हे उत्तम रचलेले आहे. पण त्यामुळे प्रेक्षकाची समजूत अशी होते की मिलरचे यश एका अपघाताच्या पोटी जन्मले, आणि हा त्या माणसाच्या कष्टांवर मोठा अन्याय आहे.

मिलरचा जन्म १ मार्च १९०४ रोजी आयोवा राज्यातील क्लॅरिंडा या गावी झाला. विसाव्या वर्षानंतर थोड्याच काळात तो बेन पोलॅकच्या बँडमध्ये आला, आणि तेथे क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन त्याचा सहकारी होता. १९२८ मध्ये जॅक टीगार्डन हा असामान्य ट्रॉम्बोनवादक त्या बँडमध्ये आला. त्यानंतर एकलवादनात आपण पहिल्या रांगेत बसणार नाही हे मिलरला कळून चुकले आणि त्याने आपले सारे बळ अरेंजमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या वाद्याने कोणती ओळ कोणाच्या साथीने वाजवायची हे लिहिण्याच्या कामात, ओतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो जोसेफ शिलिंगर यांच्याकडे संगीतरचना शिकला. 'मूनलाइट सेरेनेड'ची चाल मुळात त्या शिकवणीतील एका अभ्यासातून आली. डॉर्सी बंधू, रे नोबल अशा इतरांच्या बँडसाठी त्याने अनेक वर्षे लिहिले. १९३७ मध्ये काढलेला स्वतःचा पहिला बँड त्याला १९३८च्या सुरुवातीला मोडावा लागला. त्याच वर्षी त्याने दुसरा बँड उभा केला आणि १९३९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथील ग्लेन आयलंड कॅसिनोमधून त्याचे कार्यक्रम रेडिओवर जाऊ लागले, तेव्हा कुठे देशाला तो माहीत झाला.

एवढी वर्षे केवळ लिहिण्यात घालवलेल्या माणसाला त्याचा आवाज दुसऱ्याच्या फाटलेल्या ओठाने मिळवून दिला असे दाखवणे कितपत योग्य आहे? चरित्रपटाला स्वातंत्र्य घ्यावे लागते हे मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीमुळे त्या व्यक्तीवर चित्रपट निघाला, त्याच गोष्टीचे कारण बदलावे का, याविषयी येथील जाणकारांची मते वाचायला आवडतील.

मध्यलय

विषय काढल्याबद्दल आभार. मी अनेक वर्षे क्लॅरिनेट वाजवतो, त्यामुळे हा आवाज प्रत्यक्षात कसा तयार होतो ते आधी सांगतो.

त्या काळच्या बहुतेक स्विंग बँडमध्ये सॅक्सोफोनच्या गटाची मुख्य ओळ अल्टो सॅक्सोफोनकडे असे. मिलरने ती क्लॅरिनेटकडे दिली आणि तीच ओळ बरोबर एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनला दिली. उरलेले तीन सॅक्सोफोन या दोन टोकांच्या मधल्या जागेत, एकमेकांना अगदी खेटून, मेळाचे स्वर धरतात. पाच वाद्ये एकाच सप्तकात बसवल्यामुळे आवाज दाट होतो, पण वर क्लॅरिनेटचा पातळ, चकाकता सूर असल्याने तो जड होत नाही. कान लावून ऐकल्यास खालचा टेनर वेगळा ऐकू येत नाही, मात्र तो काढून घेतला तर क्लॅरिनेट लगेच पोरका वाटू लागतो. विल्बर श्वार्ट्झ हा तरुण वादक या जागेवर बसला आणि त्याच्या किंचित कंप असलेल्या सुरामुळे हा आवाज ओळखीचा झाला. दुसऱ्या बँडने तशीच मांडणी केली तरी श्वार्ट्झचा सूर आणायचा कोठून, हा प्रश्न राहतोच.

आता ओठाविषयी. हा प्रसंग पूर्णपणे हवेतून आलेला नाही. १९३५ मध्ये मिलर रे नोबलच्या बँडसाठी लिहीत असताना तेथे पी वी अर्विन नावाचा ट्रम्पेटवादक होता, आणि तो फार वरचे स्वर सहज वाजवत असल्याने मिलरने त्याच्यासाठी सॅक्सोफोनच्या वरून जाणाऱ्या ओळी लिहिल्या. अर्विन बँड सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्याला ती उंची झेपेना, म्हणून त्या ओळी क्लॅरिनेटकडे गेल्या, असे सांगितले जाते. म्हणजे ट्रम्पेट जाऊन क्लॅरिनेट आला हा धागा खरा असावा. फरक इतकाच की ते दुसऱ्याच्या बँडमध्ये घडले, आणि त्यानंतर मिलरच्या नावाला लोकप्रियता मिळेपर्यंत आणखी चार वर्षे गेली.

जुनी_तबकडी

मध्यलय, ही माहिती फार मोलाची आहे आणि तिच्यामुळे माझा मुद्दा आणखी पुढे जातो. १९३५ साली क्लॅरिनेट वर ठेवण्याची युक्ती मिलरच्या हातात होती असे धरले, तरी १९३७चा बँड बुडालाच. याचा अर्थ युक्ती सापडणे आणि तिचा बँड घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात योग्य वादक शोधणे, त्यांच्याकडून तासन् तास तालीम करून घेणे, बोस्टनच्या श्रिबमन यांच्यासारख्या बॉलरूमवाल्यांनी पैसा आणि कार्यक्रम पुरवणे, स्वस्तातल्या ब्लूबर्ड तबकड्यांचा करार होणे, हे सारे घडावे लागले. सी श्रिबमन चित्रपटात आहेत आणि जॉर्ज टोबायसने ती भूमिका छान केली आहे, पण बाकीचे बरेच काही त्या एका रात्रीत विरघळून गेले आहे.

पडद्यामागून

धागाकर्त्यांचा आक्षेप समजला, तरी माझे मत थोडे निराळे आहे. हा चित्रपट ज्या दृष्टीने सांगितला आहे ती हेलनची दृष्टी आहे. चित्रीकरणाच्या वेळी हेलन मिलर हयात होत्या आणि त्यांच्या सहकार्यानेच तो तयार झाला. पटकथाकार व्हॅलेंटाइन डेव्हिस आणि ऑस्कर ब्रॉडनी यांनी मिलरच्या गाजलेल्या रचनांना एकामागोमाग एक संसारातील प्रसंगांशी बांधले आहे. मोत्यांची माळ भेट मिळते आणि पुढे 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' वाजते. हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक संवादात येतो आणि त्यातून 'पेनसिल्व्हेनिया ६-५०००' निघते. जुने 'लिटल ब्राउन जग' हेलनच्या आवडीचे म्हणून येते आणि शेवटी तेच तिला निरोप म्हणून पोचते. इतिहास म्हणून यातील फारसे काही टिकत नाही. 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' जेरी ग्रे याने रचले, आणि 'लिटल ब्राउन जग' तर मिलरने १९३९ मध्येच बिल फिनेगनच्या अरेंजमेंटमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. पण एका विधवेच्या स्मरणात नवऱ्याचे संगीत कसे राहील, याचे हे चित्रण आहे असे मानले, तर त्याची रचना मला अतिशय सुसंगत वाटते. तिच्या आठवणीत गाणी अरेंजरांच्या नावांनी लागलेली नसणारच.

दुसरे म्हणजे अँथनी मॅन. त्यांनी स्टुअर्टबरोबर एकूण आठ चित्रपट केले, आणि त्यांतील पश्चिमेकडच्या घोडेस्वारांच्या चित्रपटांत स्टुअर्टचा नायक नेहमी कशाने तरी पछाडलेला, हट्टाला पेटलेला असतो. हाच हट्ट येथे बंदुकीऐवजी ट्रॉम्बोन घेऊन येतो. गोष्टीला अशा माणसासाठी एक निर्णायक क्षण लागतो, आणि फाटलेला ओठ तो पुरवतो.

जुनी_तबकडी

हेलनच्या दृष्टीचा मुद्दा मला पटतो, आणि शेवटच्या प्रसंगापुरता तर पूर्णपणे पटतो. परंतु जेरी ग्रे आणि बिल फिनेगन यांचा साधा उल्लेखही नसावा, टेक्स बेनिकी, रे एबर्ले आणि मॅरियन हटन यांच्यासारखे घराघरांत माहीत झालेले गायक पडद्यावर नसावेत, याचे समर्थन तेवढ्याने होत नाही. हॅरी मॉर्गनने साकारलेला पियानोवादक चमी मॅकग्रेगर आहे, तो खराखुरा मित्र होता आणि त्याने चित्रपटाला सल्लाही दिला. त्यामुळे मैत्री दिसते, पण कारखाना दिसत नाही. मिलरचा बँड हा लिहिणाऱ्यांचा कारखाना होता. 'चॅटनूगा चू चू' या गाण्याच्या १२ लाख तबकड्या खपल्या म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याला सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी देण्यात आली आणि गोल्ड रेकॉर्डची प्रथा तेथून सुरू झाली. असे यश एकट्या माणसाच्या रात्रभराच्या जागरणाचे नसते.

स्वभावाबद्दलही सांगायला हवे. खरा मिलर पाहायचा असेल तर 'सन व्हॅली सेरेनेड' (१९४१) आणि 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज' (१९४२) या दोन चित्रपटांत तो स्वतः दिसतो. तो सभ्य आहे, नेटका आहे, पण जरा ताठ आणि हिशेबी आहे. शिस्तीच्या बाबतीत तो कठोर होता आणि त्याच्या अनेक वादकांना त्याच्याविषयी प्रेमापेक्षा आदर अधिक वाटत असे. स्टुअर्टने त्याला अडखळत बोलणारा, मध्यरात्री फोन करून लग्नाची मागणी घालणारा लाघवी माणूस केले. अभिनय सुंदर आहे, पण तो स्टुअर्टचा स्वभाव आहे.

सदाफुली_१

स्टुअर्टविषयी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. चित्रपटाच्या शेवटच्या भागात तो अमेरिकन हवाई दलाचा गणवेश घालून इंग्लंडमध्ये वावरतो, आणि तो गणवेश त्याच्यासाठी नाटकातला पोशाख नव्हता. १९४३च्या अखेरीस तो बॉम्बफेकी तुकडीबरोबर इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात दाखल झाला, वीस मोहिमांवर गेला आणि युद्ध संपेपर्यंत कर्नल झाला. १९४४ साली मिलर आपल्या लष्करी बँडसह इंग्लंडमधील बेडफर्डला होता, तेव्हा त्याची भूमिका पुढे करणारा हा माणूस तेथून फार लांब नव्हता आणि रोज आपल्या तुकडीतील विमाने परत येतात की नाही हे मोजत होता. धुक्यात उभ्या असलेल्या लहान विमानाकडे तो चालत जातो, त्या प्रसंगात त्याच्या चेहऱ्यावर काहीही नाट्य नाही. उड्डाणापूर्वी माणसे कशी वागतात हे त्याने पाहिले होते.

प्रत्यक्ष घटनाही तितकीच कोरडी आहे. १५ डिसेंबर १९४४ रोजी बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्म या धावपट्टीवरून एक इंजिनाचे नॉर्समन विमान मेजर मिलर, लेफ्टनंट कर्नल बेसेल आणि वैमानिक मॉर्गन यांना घेऊन पॅरिसकडे निघाले आणि इंग्लिश खाडी ओलांडताना नाहीसे झाले. विमान सापडले नाही. २४ डिसेंबरला मिलर बेपत्ता असल्याचे जाहीर झाले. बँड मात्र पॅरिसला पोचला होता आणि त्याने त्याच्याविना कार्यक्रम केले.

मध्यलय

युद्धाच्या भागात माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत चांगला प्रसंग आहे. सैनिक आणि परिचारिकांसमोर उघड्यावर कार्यक्रम चालू आहे, 'इन द मूड' वाजत आहे, आणि वरून उडत्या बॉम्बची घरघर ऐकू येऊ लागते. व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बची भीती अशी होती की घरघर चालू आहे तोपर्यंत तुम्ही सुरक्षित असता, आणि ती थांबली की काही क्षणांत तो कोसळतो. घरघर थांबते, श्रोते जमिनीवर झोपतात, मिलर हात थांबवत नाही आणि बँड वाजवत राहतो.

या प्रसंगासाठी 'इन द मूड' निवडणे अचूक आहे. या रचनेचा शेवट पुन्हा ऐकून पाहा. तीच छोटी सुरावट पुन्हा येते, दरवेळी आधीपेक्षा हलक्या आवाजात, ट्रॉम्बोन मध्ये एकच खर्जातला स्वर टाकतात, आवाज इतका खाली जातो की गाणे संपले असे वाटते, आणि मग ड्रम्सच्या ठोक्याबरोबर सगळा बँड पूर्ण जोराने परत येतो. शांततेची वाट पाहायला लावणे हीच या रचनेची करामत आहे. प्रसंग काल्पनिक असला तरी त्याच्या मुळाशी खरी घटना आहे. बँड प्रथम लंडनमध्ये स्लोन कोर्ट येथे उतरला होता. उडत्या बॉम्बच्या धोक्यामुळे मिलरने त्याला घाईघाईने बेडफर्डला हलवले, आणि दुसऱ्याच दिवशी, ३ जुलै १९४४ रोजी, स्लोन कोर्टवर व्ही-१ पडून अनेक अमेरिकन सैनिक ठार झाले.

खर्जातला_सा

चर्चा वाचून आनंद झाला. एक बाजू अजून कोणी मांडली नाही, ती मांडतो.

लग्नानंतर मिलर दांपत्य हार्लेममधील क्लबात जाते आणि तेथे लुई आर्मस्ट्राँग 'बेसिन स्ट्रीट ब्लूज' गातो व वाजवतो, असा एक दीर्घ प्रसंग चित्रपटात आहे. जीन क्रुपा आणि कोझी कोल यांचे ड्रम्सवरील द्वंद्वही तेथेच आहे. पडद्यावर रंगीत प्रकाश सारखा बदलत राहतो, कधी सगळे लाल, कधी निळे, आणि त्या बदलत्या रंगांत आर्मस्ट्राँगचा घामाने डबडबलेला चेहरा इतका जिवंत दिसतो की पुढे बराच वेळ मिलरची गोष्ट फिकी वाटते. पण कृष्णवर्णीय संगीतकारांचे स्थान चित्रपटात या एका क्लबापुरतेच आहे. 'टक्सिडो जंक्शन' हे मूळचे अर्स्किन हॉकिन्सच्या बँडचे, अलाबामातील बर्मिंगहॅममधून आलेले. 'इन द मूड' जो गार्लंडच्या नावावर आहे. संचलनाच्या प्रसंगात लष्करी बँडकडून मिलर जे वाजवून घेतो ते 'सेंट लुई ब्लूज' डब्ल्यू. सी. हँडी यांचे. ही तिन्ही नावे चित्रपट घेत नाही. धागाकर्त्यांनी अरेंजरांविषयी जी तक्रार केली आहे, ती येथे अधिक तीव्रतेने लागू होते, कारण अरेंजरांना निदान पगार आणि तबकडीवर नाव मिळत होते.

आपल्याकडचा संबंधही थोडक्यात नोंदवतो. तीस आणि चाळीसच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्विंग वाजत होते, ते आधी लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हातून आणि मग गोव्याच्या वादकांच्या हातून. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेला ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर व्हाझ याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटाच्या गाण्यांतील ब्रास आणि क्लॅरिनेटची ठेवण ऐकली की स्विंगचे वळण आपल्या चित्रपटसंगीतात किती सहज मुरले होते ते कळते. तेथेही अरेंजरांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली, आणि म्हणून हा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

पडद्यामागून

खर्जातला_सा यांचा आक्षेप या धाग्यातील सर्वांत वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक भर घालतो. चित्रपटाच्या संगीतासाठी जोसेफ गर्शनसन यांच्याबरोबर हेन्री मॅन्सिनी यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मॅन्सिनी युद्धानंतर बेनिकीच्या नेतृत्वाखालील मिलर ऑर्केस्ट्रात पियानोवादक आणि अरेंजर होते, म्हणजे हा आवाज त्यांनी आतून वाजवलेला होता. चित्रपटासाठी सर्व रचना नव्याने ध्वनिमुद्रित झाल्या, आणि ऑस्कर मिळाले तेही ध्वनिमुद्रणालाच. ज्या चित्रपटाने अरेंजरांना गोष्टीतून वगळले, त्याच्या ध्वनीत मात्र एका अरेंजरची काळजी शब्दशः ऐकू येते. प्रेमप्रसंगांतील 'टू लिटल टाइम' ही धून तर त्यांचीच, आणि मिलरच्या रचनांच्या शेजारी ती कोठेही उपरी वाटत नाही.

जुनी_तबकडी

सर्वांचे आभार. खर्जातला_सा यांच्या प्रतिसादानंतर माझा आक्षेप मी अधिक नेमका मांडू शकतो. फाटलेल्या ओठाचा प्रसंग वाईट आहे तो खोटा असल्यामुळे नव्हे. तो या संगीतामागच्या सर्व माणसांना, श्वार्ट्झ, ग्रे, फिनेगन, हॉकिन्स, गार्लंड या सर्वांना, एका झटक्यात अनावश्यक ठरवतो, म्हणून तो वाईट आहे. अपघाताने आवाज सापडला की मग तो कोणाकडून शिकण्याची, उसना घेण्याची किंवा कोणाबरोबर घडवण्याची गरज उरत नाही. आणि व्ही-१चा प्रसंग तितकाच काल्पनिक असूनही मला खटकत नाही, कारण त्यात सगळा बँड एकत्र वाजवत राहतो.

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी १९३९चे 'लिटल ब्राउन जग'चे मूळ ध्वनिमुद्रण एकदा जरूर ऐकावे. चित्रपटात ते पतीचा अखेरचा संदेश म्हणून येते आणि डोळे भरून येतात, हे मी नाकारत नाही. मूळ ध्वनिमुद्रण मात्र हसरे, चपळ, नाचणाऱ्यांसाठी केलेले आहे, आणि तेव्हा फिनेगन अवघा बावीस वर्षांचा होता.

मध्यलय

त्याच्या जोडीला ४ एप्रिल १९३९चे 'मूनलाइट सेरेनेड' ऐकावे, शक्यतो हेडफोन लावून, आणि एका आवर्तनात केवळ क्लॅरिनेट, दुसऱ्यात केवळ खालचा टेनर ऐकण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या खेपेला टेनर सापडणार नाही. पितळी वाद्ये हलकेच उत्तर देतात त्या जागी तो किंचित मोकळा होतो, तेथून त्याला पकडावे.